हेरोद एक नव्हता आणि परूशी म्हणजे शिवी नव्हे

वाचकाचे पत्र : आमच्या तालुक्याच्या वाचनालयात भाषांतरित कादंबऱ्या भरपूर वाचल्या जातात. वाचकांना त्यातली बायबलमधली नावे आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातल्या संज्ञा अडतात, म्हणून दीडशे नोंदींची एक छोटी पुस्तिका करायला घेतली आहे. चाळीस नोंदी लिहून झाल्या. आमच्या एका ख्रिस्ती सभासदांनी त्यातल्या निम्म्यांवर लाल शाई फिरवली आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी खोडल्या. सहा नोंदी नमुन्याला पाठवतो :

परूशी – ढोंगी यहूदी धर्मगुरू.
हेरोद – येशूच्या काळातला क्रूर राजा. याने बालहत्या केली, योहानाचे शिर उडवले व येशूवर खटला चालवला.
मग्दालीया मरीया – येशूमुळे सुधारलेली वेश्या.
निष्कलंक गर्भसंभव – कुमारी मरीयेच्या पोटी येशूचा जन्म.
लोगोस – शब्दब्रह्म.
एपिक्युरियन – ग्रीक चार्वाक. खा, प्या, मजा करा म्हणणारे.

नेमके चुकते कुठे? नोंद किती लांब असावी, आणि नावे कोणत्या रूपात द्यावीत?

उत्तर : तुमच्या सहाही नोंदी चुकल्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचं मूळ दुखणं एकच आहे. नोंदीत कोणीतरी बोलतंय आणि ते कोण, हे नोंद सांगत नाही. परूश्यांबद्दल त्यांचे टीकाकार बोलतायत, मग्दालीयेबद्दल सहाव्या शतकातला एक पोप, एपिक्युरियनांबद्दल त्यांचे विरोधक. तुम्ही ते सगळं कोशाच्या तटस्थ आवाजात छापलंत, त्यामुळे एकाचं मत सगळ्यांसाठी व्याख्या होऊन बसलं. धर्म आणि तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत ‘म्हणजे काय’ लिहिण्याआधी ‘कोण म्हणतं’ आणि ‘कधीपासून’ हे ठरवावं लागतं.

परूशी घ्या. हा यहूदी समाजातला एक धार्मिक गट होता, इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स. पहिल्या शतकापर्यंतचा. धर्मगुरू म्हणाल तर मंदिराचं पौरोहित्य हे त्यांचं वैशिष्ट्य नव्हतंच. वरिष्ठ पुरोहितांची ऊठबस सदूकी गटाशी जास्त. लेखी नियमशास्त्राइतकीच पूर्वजांकडून आलेली तोंडी परंपराही पाळायची, हा परूश्यांचा आग्रह. मेलेल्यांचं पुनरुत्थान ते मानत, सदूकी मानत नसत. हा फरक वाचकाला कळला नाही, तर मार्क १२ मधलं (मार्क हे नव्या करारातल्या, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक; १२ हा अध्याय) सात भावांशी एकामागून एक लग्न झालेल्या बाईचं कोडं त्याला कळणारच नाही, कारण ते सदूक्यांनी पुनरुत्थानाची टर उडवण्यासाठी घातलेलं आहे. ढोंगीपणाचा आरोप येतो मुख्यतः मत्तय २३ मध्ये. तो नोंदीत जरूर द्या, पण ‘मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्यांना ढोंगी म्हणतो; त्यावरून ढोंगी माणूस असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला’ अशा शब्दांत. त्याच गटातला निकदेम रात्री येशूकडे शिकायला येतो, गमलिएल येशूच्या शिष्यांना, म्हणजे प्रेषितांना, वाचवतो, आणि पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल स्वतःला परूशी म्हणवतो, हेही त्याच नव्या करारात आहे.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. सदूकी त्यानंतर दिसेनासे झाले आणि परूश्यांच्या परंपरेतून पुढचा रब्बींचा यहूदी धर्म घडला. म्हणजे तुमची नोंद आजच्या यहूद्यांच्या पूर्वसुरींना ढोंगी ठरवते. अलिबाग, ठाणे, मुंबई इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल यहूदी आहेत. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या वाचनालयात येऊन ही ओळ वाचली तर काय, एवढा विचार करा. याच कारणाने ‘जुना करार’ ही नोंद करताना हे नाव ख्रिस्ती आहे असं लिहा. यहूदी त्याला तनाख म्हणतात. त्यांच्या मोजणीत पुस्तकं २४. प्रॉटेस्टंट तोच मजकूर ३९ पुस्तकांत मोजतात. कॅथलिकांच्या जुन्या करारात आणखी सात मिळून ४६.

हेरोदाच्या नोंदीत तुम्ही तीन माणसं एक केली आहेत. थोरला हेरोद इ.स.पू. ३७ ते ४ राज्य करून गेला. मंदिराची भव्य पुनर्बांधणी त्याची. बेथलेहेमच्या बालकांची हत्या त्याच्या नावावर फक्त मत्तय २ मध्ये आहे, त्या काळाचा यहूदी इतिहासकार जोसेफस त्याच्या इतर क्रूरकर्मांबद्दल पानंच्या पानं लिहितो पण हिचा उल्लेख करत नाही. त्याचा मुलगा हेरोद अंतिपा गालीलाचा मांडलिक, इ.स.पू. ४ ते इ.स. ३९. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर याने उडवलं. खटला मात्र यानेही चालवला नाही. तो चालवला रोमन सुभेदार पिलाताने. त्याने येशूला मधेच अंतिपाकडे पाठवलं आणि अंतिपाने थट्टा करून परत पाठवलं, हेही फक्त लूक २३ सांगतो. पुढे नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ‘हेरोद राजा’ याकोबाला तलवारीने मारतो, तो थोरल्याचा नातू पहिला अग्रिप्पा, मृत्यू इ.स. ४४. पौल ज्याच्यापुढे आपली बाजू मांडतो तो दुसरा अग्रिप्पा, पहिल्याचा मुलगा. शिवाय अर्खेलाव आणि फिलिप हे थोरल्याचे आणखी दोन मुलगे आहेत. तेव्हा ‘हेरोद’ या शब्दाखाली एक घराणं आहे एवढंच लिहा आणि खाली आकडे घालून माणसं वेगळी करा. प्रत्येकासमोर वर्षं, प्रदेश आणि एक प्रसंग; याहून जास्त नको.

इथेच एक गाठ सुटते. येशू थोरल्या हेरोदाच्या हयातीत जन्मला आणि हा हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मेला, तर येशूचा जन्म इ.स. १ मध्ये कसा? झाला नाही. इसवी सनाची मोजणी सहाव्या शतकात दायोनिसियस एक्झिग्युअस नावाच्या मठवासीने बसवली आणि ती काही वर्षांनी हुकली. येशूच्या नोंदीत ‘जन्म सुमारे इ.स.पू. ६ ते ४’ असं छापा. वाचक पत्र पाठवतील की ही छपाईची चूक आहे. एक ओळ स्पष्टीकरण तिथेच द्या.

मग्दालीया मरीयेवर जरा थांबू, कारण व्याख्या कशी बिघडते ते इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. लूक ७ च्या शेवटी एक बिननावाची बाई येशूचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. लूक तिला ‘पापी’ म्हणतो. वेश्या म्हणत नाही. तो प्रसंग संपतो, अध्याय बदलतो, आणि लूक ८:२ मध्ये मग्दालीया मरीयेचं नाव पहिल्यांदा येतं : जिच्यातून सात भुतं निघाली होती ती. पाय धुणाऱ्या बाईशी तिचा संबंध लूक जोडत नाही. तिकडे योहान १२ मध्ये येशूच्या पायांना तेल लावते ती बेथानीची मरीया, मार्थेची आणि लाजराची बहीण, म्हणजे आणखी तिसरीच. इ.स. ५९१ च्या एका प्रवचनात पोप पहिले ग्रेगरी यांनी तिघींना एकच मानलं आणि सात भुतांची सात पापं केली. पश्चिम युरोपच्या चित्रकलेत मोकळ्या केसांची, अत्तराची कुपी घेतलेली, रडणारी मग्दालीया दिसते ती त्या प्रवचनाची लेक. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हे एकीकरण कधी स्वीकारलं नाही. रोमच्या कॅथलिक चर्चनेही १९६९ मध्ये उपासनेच्या दिनदर्शिकेची सुधारणा करताना ते सोडून दिलं, आणि २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला.

मग नोंद कशी? आम्ही अशी लिहू :

*मग्दालीया मरीया – येशूची अनुयायी (इ.स. पहिले शतक), बहुधा गालील सरोवराकाठच्या मग्दला गावची. शुभवर्तमानांनुसार वधस्तंभाजवळ हजर होती आणि रिकामी कबर पाहणाऱ्यांत होती. योहान २० मध्ये पुनरुत्थित येशू प्रथम तिला दिसतो. सहाव्या शतकापासून पाश्चात्त्य परंपरेने तिला लूक ७ मधील बिननावाच्या पापी स्त्रीशी एक मानले. ‘पश्चात्तापी वेश्या’ ही चित्रकलेतील व साहित्यातील प्रतिमा त्यातून आली. पाहा : मरीया (बेथानीची).*

ही नोंद पन्नाससाठ शब्दांची आहे. तुमच्या पुस्तिकेला हेच माप धरा. साध्या वस्तूंना, सणांना वीसपंचवीस शब्द पुरतात. ज्यांचा अर्थ पंथागणिक किंवा शतकागणिक बदलतो त्यांना ऐंशीपर्यंत जाऊ द्या. त्याहून लांबलं की ती नोंद राहत नाही, लेख होतो. पहिल्या वाक्यात ती चीज कोणत्या जातीची आहे हे आलंच पाहिजे : व्यक्ती, गट, पद, सिद्धांत, सण, की ग्रंथ. तुमच्या परूशी-नोंदीत गटाचं पद झालंय, आणि गर्भसंभवाच्या नोंदीत एका सिद्धांताच्या जागी दुसरीच घटना बसली आहे.

ती चूक मराठीतच नव्हे, जगभर होते. निष्कलंक गर्भसंभव हा येशूच्या जन्माबद्दल नाहीच. तो मरीया स्वतः आपल्या आईच्या पोटी राहिली त्याबद्दल आहे. तिचे आईवडील नेहमीसारखे आईवडील. सिद्धांत एवढाच की त्या क्षणापासून ती मूळ पापापासून (आदामापासून सगळ्या माणसांना लागलेल्या पापापासून) मुक्त राखली गेली. कॅथलिक चर्चने तो ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांच्या काळात श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केला. प्रॉटेस्टंट मानत नाहीत, ऑर्थोडॉक्सही नाहीत. याउलट येशूचा कुमारीजन्म मत्तय १ आणि लूक १ मध्ये आहे, तो सगळ्या प्रमुख ख्रिस्ती पंथांच्या श्रद्धेत आहे, आणि कुराणातही आहे. ताळा करायला सोपी खूण : निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेल्या पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त (सण) ८ डिसेंबरला, मरीयेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला, ज्याला धरून वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा भरते. मोजा, बरोबर नऊ महिने. नाताळशी या हिशेबाचा काही संबंध नाही.

आता बाईंनी खोडलेल्या दोन नोंदी. ‘लोगोस – शब्दब्रह्म’ लिहिताना हात का वळतो ते कळतं. योहानाच्या शुभवर्तमानाची पहिलीच ओळ मराठीत ‘प्रारंभी शब्द होता’ अशी आहे. पण लोगोसची वंशावळ वेगळी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लाइटसकडे, सुमारे इ.स.पू. ५०० मध्ये, तो जगाच्या घडामोडींमागचा हिशेब किंवा नियम आहे. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाकडे विश्वात भिनलेली विवेकशक्ती. अलेक्झांड्रियाचा यहूदी तत्त्वज्ञ फिलो याच्याकडे देव आणि जग यांच्यामधला दुवा. योहान १:१४ मध्ये तोच ‘शब्द’ माणूस होतो, आणि नेमकी ही गोष्ट कोणत्याही स्टोइकाला पटली नसती. एका ओळीत समानार्थी शब्द ठेवला की हे चार मुक्काम गायब होतात. तुलना करायचीच तर शेवटी, ‘तुलना करा’ असं स्वच्छ लिहून. त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्रिमूर्ती आणि देहधारणाला (देवाने येशूच्या रूपाने माणूस होण्याला) अवतार लिहिण्याचा मोहही असाच टाळा. त्रैक्य म्हणजे तीन खाती वाटून घेतलेले तीन देव नव्हेत, आणि देहधारण ख्रिस्ती श्रद्धेत एकदाच घडतं. जाता जाता : ‘त्रैक्य’ ही संज्ञा बायबलमध्ये नाही. तिच्यापुढे वचनाचा संदर्भ देऊन थांबू नका, इ.स. ३२५ ची नायसिया आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल या धर्मपरिषदांचा उल्लेख तिथे हवा.

एपिक्युरियन पंथाचा संस्थापक एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) याचं तर हसूच व्हावं. खाण्यापिण्याच्या नावाने बदनाम झालेला हा माणूस भाकरीपाण्यावर खूश असायचा. मित्राला लिहितो की थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. सुख हेच ध्येय, हे खरं, पण त्याचं सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मनाला घोर नसणं. जग अणूंचं बनलेलं आहे, देव आहेत पण ते आपल्यात लक्ष घालत नाहीत, मरण आपल्याला लागू होत नाही कारण ते येतं तेव्हा आपण नसतो. चार्वाकांचा मूळ मुद्दा दुसराच आहे : प्रत्यक्ष हेच प्रमाण. दोघांत साम्य म्हणाल तर एवढंच, की दोघांनाही आपण बरंचसं विरोधकांच्या तोंडून ऐकलं आणि दोघांच्या कपाळी तूप पिणाऱ्याचा शिक्का बसला. एपिक्युरसची निदान तीन पत्रं तरी शिल्लक आहेत. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल अथेन्सला एपिक्युरियन आणि स्टोइक दोघांशी वाद घालतो, तेव्हा ही नोंद तुमच्या बायबलच्या वाचकालाही लागेल.

संदर्भ देताना दोन खड्डे आहेत. एक, आकडे सगळ्यांचे सारखे नसतात. ‘खून करू नको’ ही बहुतेक प्रॉटेस्टंट आणि यहूदी मोजणीत दहा आज्ञांतली सहावी आज्ञा, कॅथलिक मोजणीत पाचवी. कॅथलिकांची सहावी म्हणजे ‘व्यभिचार करू नको’. कादंबरीतल्या पात्राने सहावी आज्ञा मोडली असं वाचून तुमचा वाचक कोशाकडे आला, तर त्याला पोलिस बोलवायचे की बायको, हे लेखकाच्या पंथावर ठरेल. आज्ञेचा क्रमांक देऊ नका. निर्गम २०:१३ असा वचनाचा संदर्भ द्या. स्तोत्रांतही जुन्या कॅथलिक पुस्तकांत बहुतेक ठिकाणी एकाचा फरक पडतो : ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे २३ वं स्तोत्र तिथे २२ वं. दुसरा खड्डा, वचन एकटं उचलणं. मागच्या-पुढच्या दहा-पंधरा ओळी वाचल्याशिवाय संदर्भ लावू नका. मग्दालीयेची गत तशीच झाली.

रूढ झालेला लाक्षणिक अर्थ आणि मूळ अर्थ दोन्ही द्या, पण क्रम मूळ आधी. शोमरोनी (इंग्रजीत समॅरिटन) पाहा. वर्तमानपत्रात ‘गुड समॅरिटन’ म्हणजे अपघातग्रस्ताला मदत करणारा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ अशा माणसाला संरक्षण देतं. पण लूक १० मधल्या, लुटलेल्या जखमी वाटसरूच्या दाखल्याची (बोधकथेची) सगळी धार शोमरोनी आणि यहूदी यांच्या वैरात आहे. ऐकणाऱ्यांना मदतीची अपेक्षा पुरोहिताकडून होती, लेव्याकडून (मंदिराच्या सेवेकऱ्याकडून) होती. थांबला तो नावडता. हे न सांगता ‘दयाळू माणूस’ लिहिलंत तर दाखला बोथट होतो. आणि शोमरोनी संपलेले नाहीत : गरिज्जीम डोंगराशी निष्ठा असलेला त्यांचा काही शेकड्यांचा समाज वेस्ट बँकमधल्या नाब्लुसजवळ आणि इस्राएलमधल्या होलोन इथे आजही आहे. ‘होते’ लिहू नका.

ज्या व्यक्ती अनेक धर्मांत आहेत त्यांना धर्मागणिक एकेक वाक्य द्या. एलीया : राजांच्या पुस्तकांतला संदेष्टा, अहाब राजाचा विरोधक, वावटळीतून स्वर्गात गेलेला. यहूदी परंपरेत मशीहाच्या (ज्याची वाट पाहतात त्या तारणाऱ्याच्या) आधी येणारा, वल्हांडण सणाच्या जेवणात ज्याच्यासाठी पेला भरून ठेवतात तो. बेने इस्राएलांच्या मलिद्याच्या विधीत गोड पोह्यांच्या ताटासमोर ज्याचं नाव गातात तो एलियाहू. नव्या करारात येशूचं रूप पालटतं त्या डोंगरावर मोशेबरोबर दिसणारा. कुराणातला इलियास. ‘प्रेषित’ या शब्दाचीही अशीच फोड करा, कारण मराठी बायबलमध्ये तो पेत्र, पौल यांच्यासाठी आहे आणि यशयासारख्यांना ‘संदेष्टा’ म्हटलंय. मराठी वर्तमानपत्रांत मात्र ‘प्रेषित’ म्हटलं की मुहंमद पैगंबर.

नावांचं रूप : एकच मराठी बायबल निवडा, कोणतं ते प्रस्तावनेत सांगा, मुख्य नोंदी त्यातल्या लेखनाने करा. पण तुमचा वाचक भाषांतरित कादंबरीतून येतो, त्याच्या डोक्यात जेम्स, जॉन, पीटर, फॅरिसी, मेरी मॅग्डलिन असतात. ती सगळी रूपं ‘पाहा’ म्हणून त्या-त्या अक्षराखाली घाला. दीडशे नोंदींना साठसत्तर ‘पाहा’ सहज लागतील. पानं वाढतील, वाढू द्या. मात्र ‘पाहा’ची साखळी गोल फिरत नाही ना, हे शेवटी तपासा. ‘परूशी : शास्त्र्यांसारखे’ आणि ‘शास्त्री : पाहा परूशी’ असं बऱ्याच कोशांत सापडतं.

प्रत्येक नोंद दोघांना वाचायला द्या. त्या परंपरेतल्या माणसाला विचारा, ‘यात तुम्ही स्वतःला ओळखता का?’ त्याबाहेरच्याला विचारा, ‘हे वाचून कादंबरीतलं ते वाक्य कळलं का?’ पहिल्याने प्रशंसा मागितली तर देऊ नका; त्याने चूक दाखवली तर दुरुस्त करा. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे खोडणारे आयते आहेत, त्यांना नाराज करू नका.

उरलेल्या एकशेदहांत सुरुवात याकोब आणि यहूदा यांपासून करा, कारण तिथे मराठीची अडचण इंग्रजीपेक्षा मोठी आहे. इंग्रजीत जेकब आणि जेम्स वेगळे. मराठी बायबलमध्ये दोघेही याकोब. त्यामुळे एकाच शब्दाखाली किमान चार माणसं येतात : इसहाकाचा मुलगा, ज्याला पुढे इस्राएल म्हटलं; जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, ज्याला पहिल्या अग्रिप्पाने मारलं; अल्फीचा मुलगा, येशूच्या बारा शिष्यांपैकी दुसरा याकोब; आणि येशूचा भाऊ, यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी. यहूदा त्याहून अवघड. याकोबाचा मुलगा, त्याच्या नावाचा वंश, दक्षिणेकडचं राज्य, बारांतला याकोबाचा यहूदा, पत्र लिहिणारा यहूदा, बंड करणारा यहूदा गालीली, आणि सगळ्यांत शेवटी येशूला धरून देणारा इस्कर्योत. बहुतेक वाचक त्या शेवटच्यासाठीच ते पान उघडतील, म्हणून त्याला आकड्याखाली पुरू नका. ‘इस्कर्योत’ अशी वेगळी नोंद द्या आणि ‘ज्यूडास’वरून तिथेच पाठवा.